मेरठच्या मालखान्यातलं सोनं

सप्टेंबर १९४७. फाळणी होऊन जेमतेम पाच आठवडे झालेत. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार २० तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास फ्रंटियर मेलने मेरठला उतरतो. मेरठच्या बाजारात विकायला त्याने सोबत सोनं आणि चांदी आणली आहे. चौपला बाजारातून जाताना तीन पोलीस त्याला अडवतात, झडती घेतात आणि कोतवालीत नेऊन कोठडीत टाकतात. त्याच्याकडे सापडतं १०३ तोळे, ६ मासे, १ रत्ती सोनं आणि २ मण साडेसहा शेर चांदी. आजच्या मापात सोनं बाराशे ग्रॅमच्या वर आणि चांदी साधारण ऐंशी किलो. सगळं जप्त होतं.

दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. काही काळाने चांदी परत मिळाली. सोनं मिळालं नाही, कारण १७ ऑक्टोबरला मालखान्याची जबाबदारी असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात निघून गेला होता.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. सोनं द्या, नाहीतर त्याची किंमत ११,०७५ रुपये १० आणे आणि वर व्याज द्या. ‘कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ हा तो खटला. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागायला १९६४ चा सप्टेंबर उजाडला.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. कायद्याचं माझं शिक्षण म्हणजे इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला आयपीआरचा एक पेपर, तोही आदल्या रात्री वाचून दिलेला. या खटल्यापर्यंत मी पोहोचलो तो पोलीस स्टेशनांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्यांमुळे. तुमच्या गावातल्या पोलीस स्टेशनसमोरही असतील. टायर बसलेल्या, सीट फाटलेल्या, मधून गवत उगवलेलं. कुणीतरी हप्ते भरून घेतलेल्या गाड्या या. एखाद्या केसमध्ये ‘मुद्देमाल’ म्हणून आत आल्या आणि आतच राहिल्या. मालकाचं नुकसान झालं तर भरून कोण देतं, एवढा साधा प्रश्न घेऊन मी शोधायला बसलो. उत्तराची सुरुवात थेट ईस्ट इंडिया कंपनीपासून होते, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

आधी मेरठचं पूर्ण करू. सोनं घेऊन पळाला हेड कॉन्स्टेबल, मग दावा सरकारवर का? एक कारण उघडच आहे. माणूस सरहद्दीपलीकडे गेला, त्याच्यावर हुकूमनामा मिळवून तो वाजवायचा कुठे? पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सराफाने ते सोनं त्या हेड कॉन्स्टेबलच्या हवाली केलेलंच नव्हतं. ते सरकारच्या अधिकाराने, सरकारच्या वर्दीने काढून घेतलं होतं. शिवाय पोलिसांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे अशा किमती वस्तू सरकारी खजिन्यात जायला हव्या होत्या. त्या तिकडे न जाता मालखान्यात राहिल्या. वरच्या अधिकाऱ्यांनी ना तो नियम पाळला, ना पुरेशी देखरेख ठेवली. म्हणजे चोरी एकाची, पण ती चोरी सोपी करणारा निष्काळजीपणा अनेकांचा. आणि हे अनेकजण मेरठमध्येच नोकरीत होते.

खालच्या कोर्टात पेढी जिंकली. अलाहाबाद हायकोर्टात हरली. तिथे म्हटलं गेलं की पोलिसांचा निष्काळजीपणा सिद्धच होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही. निष्काळजीपणा झाला आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आणि तरीही पेढी हरली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन वाचलं. चूक झाली हे मान्य. ती सरकारी नोकरांनी नोकरीच्या कामात केली हेही मान्य. नुकसान झालं हे तर उघडच. मग अडलं कुठे?

अडलं ते राज्यघटनेच्या कलम ३०० पाशी. सरकारवर दावा कधी लावता येतो, हे ते कलम सांगतं. खरं तर सांगत नाही. ते म्हणतं की ही घटना आली नसती तर आधीच्या डोमिनियनवर आणि प्रांतांवर ज्या बाबतीत दावा लावता आला असता, त्याच बाबतीत आताच्या केंद्र आणि राज्य सरकारांवर लावता येईल. बरं, आधी काय होतं? त्यासाठी १९३५ चा कायदा उघडायचा. तो म्हणतो, १९१५ चा कायदा बघा. १९१५ चा म्हणतो, १८५८ चा बघा. आणि १८५८ चा, म्हणजे बंडानंतर कंपनीचं राज्य राणीच्या हातात देणारा कायदा, म्हणतो की ज्या बाबतीत ईस्ट इंडिया कंपनीवर दावा लावता येत होता, त्या बाबतीत आता सेक्रेटरी ऑफ स्टेटवर लावता येईल.

ज्यांनी कधी जुन्या बँकेचा किंवा सरकारी खात्याचा कोड हाताळला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. एक फंक्शन दुसऱ्याला कॉल करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि सगळ्यात तळाशी एक मॉड्यूल असतं ज्याची कंपनीच बंद पडली आहे. इथे तर शब्दशः बंद पडली आहे. स्वतंत्र भारताच्या नागरिकाला त्याच्या सरकारकडून भरपाई मिळेल का, याचं उत्तर ‘कंपनी सरकार असतं तर मिळाली असती का’ यावर ठरत होतं.

घटनाकारांना हे दिसत नव्हतं असं नाही. कलम ३०० मध्येच सोय आहे की संसद किंवा विधानसभा कायदा करून हे बदलू शकते. तात्पुरती व्यवस्था म्हणून जुनं चालू ठेवलं, पुढे नवीन लिहा, असा तो प्रकार. आमच्या भाषेत कोडमध्ये ‘टू-डू’ अशी कॉमेंट टाकून ठेवतात, तसं. या कॉमेंटचं पुढे काय झालं ते नंतर येईलच.

आता तळाच्या मॉड्यूलकडे. कंपनीवर दावा कधी लावता येत होता, याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर १८६१ साली कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने दिलं. प्रकरण अगदी साधं. खिदिरपूरला सरकारी गोदी होती. तिथले मजूर एका आगबोटीसाठी लोखंडाचा एक अवजड भाग उचलून रस्ता ओलांडत होते. समोरून पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी आली. गाडीवानाने ओरडून इशारा दिला, मजूर गडबडले, लोखंड हातातून सुटलं, आवाजाने घोडे उधळले आणि एक घोडा जखमी झाला. पी अँड ओने नुकसानभरपाई मागितली ३५० रुपये.

मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी ती द्यायला लावली. म्हणजे घोड्याला न्याय मिळाला. (पी अँड ओला, पण मला घोड्याचंच वाईट वाटतं.) मात्र निकाल देताना पीकॉक यांनी एक भेद केला. कंपनी व्यापारीही होती आणि राज्यकर्तीही. गोदी चालवण्यासारखं, कुणीही खाजगी माणूस करू शकेल असं काम करताना तिच्या नोकरांनी चूक केली तर ती जबाबदार. पण जी सत्ता फक्त राज्यकर्त्याकडेच असू शकते, ती वापरताना झालेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही. समोरच्या घोड्याचा निकाल लावायला या दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. गोदीचा प्रश्न पहिल्या वाक्यातच सुटला होता. पण भारतीय सरकारांनी पुढची शंभर वर्षं धरून ठेवलं ते दुसरं वाक्य.

सगळ्यांनीच धरलं असंही नाही. मद्रास हायकोर्टाने १८८२ मध्ये हरि भानजी खटल्यात वेगळी वाट घेतली. मुंबईहून समुद्रमार्गे निघालेलं मीठ वाटेत असतानाच सरकारने मिठावरचा कर वाढवला आणि फरक वसूल केला. व्यापाऱ्याने दावा लावला. सरकारने ‘आम्ही राज्यकर्ते आहोत’ म्हटलं. कोर्टाने सांगितलं की परक्या सत्तेशी युद्ध, तह वगैरे सोडले, तर स्वतःच्याच कायद्याखाली स्वतःच्याच प्रजेशी केलेल्या व्यवहाराबद्दल सरकारला कोर्टात उत्तर द्यावं लागेल. म्हणजे १९५० साली आपल्यासमोर दोन जुन्या वाटा होत्या, एक कलकत्त्याची आणि एक मद्रासची. १९५६ मध्ये आपल्या पहिल्या विधी आयोगाने, मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली, आपला पहिलाच अहवाल या विषयावर दिला आणि कंपनीच्या काळातला हा भेद टाकून नवा कायदा करा असं सुचवलं.

मधल्या काळात कोर्टही त्याच दिशेने चाललं होतं. राजस्थानात उदयपूरच्या कलेक्टरची सरकारी जीप दुरुस्त करून वर्कशॉपमधून परत आणताना ड्रायव्हरने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि तो मेला. त्याच्या विधवेने, विद्यावतीने, दावा लावला. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला १५ हजार रुपये द्यायला लावले. प्रजासत्ताकात सरकार इतर कुठल्याही मालकासारखंच नोकराच्या चुकीला जबाबदार का नसावं, असा त्या निकालाचा सूर होता.

आणि दोनच वर्षांत कस्तुरीलाल.

हा निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मूळचे साताऱ्याचे. कामगारांच्या बाजूने दिलेल्या निकालांसाठी त्यांचं नाव आजही घेतलं जातं, त्यामुळे त्यांना सरकारधार्जिणा न्यायाधीश म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांचा तर्क असा. जीप चालवणं हे कुणीही करतं, म्हणून विद्यावतीला भरपाई मिळाली ते ठीक. पण अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं हे अधिकार फक्त सरकारचे आहेत, कायद्याने दिलेले, सार्वभौम स्वरूपाचे. ते वापरताना नोकरांनी निष्काळजीपणा केला तर जुन्या कायद्याप्रमाणे दावा चालत नाही. निकालाच्या शेवटी ते स्वतःच अस्वस्थ आहेत. इंग्लंडने १९४७ सालीच कायदा करून राजसत्तेचं हे कवच काढलं आहे, आपल्या विधिमंडळांनीही तसा कायदा करण्याचा गांभीर्याने विचार करावा, असं ते सुचवतात.

या तर्काचा परिणाम काय होतो ते बघा. सरकारी ड्रायव्हरने तुम्हाला ठोकलं तर सरकार जबाबदार. सरकारी पोलिसाने तुमचं सोनं काढून घेऊन हरवलं तर नाही. जिथे तुम्ही बाजूला होऊ शकता, पळू शकता, ओरडू शकता, तिथे भरपाई. जिथे तुम्हाला नाही म्हणायची सोयच नाही, तिथे काही नाही. सत्ता जितकी जास्त तितकी जबाबदारी कमी. कुणी मुद्दाम असा नियम लिहायला बसलं असतं तर त्याला लाज वाटली असती. शंभर वर्षांच्या साखळीतून तो आपोआप तयार झाला, म्हणून कुणालाच वाटली नाही.

त्यानंतरची कित्येक वर्षं देशभरातल्या कोर्टांत एक विचित्र खेळ चालला. लष्कराच्या ट्रकने माणूस चिरडला की आधी विचारायचं, ट्रक काय घेऊन चालला होता? मुंबई हायकोर्टातलं सुगराबाईंचं प्रकरण असंच. लष्करी वर्कशॉपमधून तोफखाना प्रशिक्षण शाळेत एक यंत्र नेणाऱ्या ट्रकने एका सायकलस्वाराचा जीव घेतला. सरकार म्हणालं, सैन्याला प्रशिक्षण देणं हे सार्वभौम काम. हायकोर्टाने म्हटलं, यंत्र पोहोचवायचं काम खाजगी ट्रकही करू शकला असता, भरपाई द्या. कोर्टाने पळवाट नव्हे, माणसासाठी वाट शोधली याचा आनंद आहे. पण त्याच ट्रकमध्ये त्या दिवशी यंत्राऐवजी गस्तीवरचे सैनिक असते तर? मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या दृष्टीने काय फरक पडणार होता?

इथे एक फाटा फोडतो, कारण पुण्यात राहून हा विषय लिहिताना घाशीराम टाळता येत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना तो तेंडुलकरांच्या नाटकातून माहीत आहे. नाटक १९७२ चं, घटना १७९१ ची. कोतवाल घाशीरामच्या ताब्यात, एका कोंदट जागेत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. वीसच्या वर माणसं. शहर खवळलं. पेशव्यांचा कारभार बघणाऱ्या नाना फडणवीसांवर दबाव आला आणि घाशीराम जमावाच्या हाती दिला गेला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

हा न्याय झाला का? त्या दिवशी पुण्यातल्या पुष्कळांना झाला असं वाटलं असणार. पण घाशीरामला कोतवाली कुणी दिली, त्याच्याविरुद्धच्या तक्रारी इतकी वर्षं कुणी ऐकून घेतल्या नाहीत, हे प्रश्न त्याच्या प्रेताबरोबर संपले. कस्तुरीलाल आणि घाशीराम ही मला एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. एकीकडे माणूस निसटला आणि व्यवस्थेनेही हात झटकले. दुसरीकडे माणूस सापडला, आणि तो सापडला म्हणूनच व्यवस्थेला हात झटकता आले. आजही कोठडीत कुणी मेलं की संध्याकाळपर्यंत दोन शिपाई आणि एक उपनिरीक्षक निलंबित होतात. त्या बातमीत दुसऱ्या टोकाचा वास येतो.

परत कोर्टाकडे. कस्तुरीलालच्या कडेकडेने रस्ते निघायला लागले ते सत्तरच्या दशकापासून. १९७७ मध्ये बसव्वा पाटील यांचं प्रकरण आलं, आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं. त्यांचे चोरीला गेलेले दागिने पोलिसांनी शोधून आणले आणि पोलिसांच्याच ताब्यातून ते नाहीसे झाले. सुप्रीम कोर्टाने दिवाणी दाव्याच्या वाटेला न जाता फौजदारी प्रक्रिया संहितेचा आधार घेतला आणि राज्याला दागिन्यांची किंमत द्यायला लावली. कोर्टाच्या वतीने माल सांभाळताय ना, मग हरवलात तर भरा.

मग १९८३. बिहारचे रुदल साह यांना मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडलं होतं. तुरुंगातून ते प्रत्यक्षात बाहेर पडले १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षं. निर्दोष सुटल्यानंतरची. सरकारने सांगितलं की ते वेडे होते म्हणून ठेवलं, पण त्याला पटण्यासारखा पुरावा दाखवता आला नाही. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आधी दिलेल्या ५ हजारांवर आणखी ३० हजार रुपये अंतरिम भरपाई थेट रिट याचिकेत देऊ केली. मूलभूत हक्क मोडला तर तो मोडल्याचं नुसतं जाहीर करून भागत नाही, हा विचार तिथे पहिल्यांदा ठसठशीतपणे आला. हेच चंद्रचूड १९७६ साली, आणीबाणीत डांबलेल्यांना कोर्टात दादच मागता येणार नाही म्हणणाऱ्या बहुमतात होते. माणसं बदलतात, किंवा काळ त्यांना बदलतो. दोन्ही निकाल एकाच हातांचे आहेत हे मात्र लक्षात राहतं.

आणि १९९३ मध्ये निलाबती बेहेरा. ओडिशातल्या या आईचा २२ वर्षांचा मुलगा १ डिसेंबर १९८७ ला पोलिसांनी चोरीच्या तपासात घरातून नेला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेरुळावर सापडलं. पोलीस म्हणाले, कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला. आईने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने त्याचीच याचिका केली. दीड लाख रुपये भरपाई. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी स्पष्ट लिहिलं की मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल कोर्ट भरपाई देतं तेव्हा सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही. सन २००० मध्ये आंध्रातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तर कस्तुरीलालचं वजन आता उरलेलंच नाही असं म्हणून टाकलं. तुरुंगाच्या कोठडीत बाँब टाकून एका कैद्याला मारलं होतं आणि त्याच कोठडीतला त्याचा मुलगा वाचला होता. पण कस्तुरीलाल पाच न्यायाधीशांचा निकाल आहे. मोठ्या खंडपीठाने तो अजून रीतसर मोडलेला नाही.

तर गोष्ट सुखान्त झाली, सरकार पैसे द्यायला लागलं. पण इथेच माझा खरा प्रश्न सुरू होतो. सरकार देतं म्हणजे कोण देतं? रुदल साह यांचे ३५ हजार बिहारच्या तिजोरीतून गेले. त्या तिजोरीत बिहारमधल्या काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसाचा पैसा होता, कदाचित रुदल साह यांच्या घरच्यांचाही. चौदा वर्षं ज्यांनी त्या तुरुंगाची हजेरी घेतली, रजिस्टरवर सह्या केल्या, त्यांच्या पगारातून?

हे कोर्टाच्या नजरेतून सुटलेलं नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या एका घराच्या प्रकरणात न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी १९९३ मध्ये हेच लिहिलं. अधिकाऱ्याने दिलेल्या त्रासाचा भुर्दंड करदात्याने का सोसावा? भरपाईचे १० हजार प्राधिकरणाने आधी द्यावेत, मग जबाबदार कोण ते ठरवून त्यांच्याकडून वसूल करावेत. डी. के. बसू निकालातही म्हटलं आहे की भरपाई राज्याने द्यायची, आणि दोषी अधिकाऱ्याकडून ती वसूल करायचा हक्क राज्याला आहे. १९९६ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने पेट्रोल पंपांच्या मनमानी वाटपाबद्दल माजी पेट्रोलियम मंत्री सतीश शर्मा यांना स्वतःच्या खिशातून ५० लाख भरायला सांगितलं. तीन वर्षांनी फेरविचारात तो आदेश रद्द झाला.

माझ्या क्षेत्रात ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ नावाची पद्धत आहे. सिस्टीम पडली की चौकशी होते, पण कुणाचं नाव घ्यायचं नाही. का पडली, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं, एवढंच. मी या पद्धतीचा खरोखर चाहता आहे. नावं घेतली की लोक लपवायला लागतात आणि खरी कारणं बाहेर येत नाहीत. काही मित्र सरकारलाही हेच लावतात. व्यक्तीला धरू नका, नाहीतर अधिकारी निर्णयच घेणार नाहीत, फाईल नुसती वरखाली फिरत राहील. या भीतीत तथ्य आहे. प्रत्येक चुकीच्या निर्णयाचा दंड खिशातून जाणार असेल तर शहाणा अधिकारी सहीच करणार नाही.

पण ही पद्धत चुकीसाठी आहे. सर्व्हरचा पासवर्ड वापरून कुणी ग्राहकांचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवले तर कुठलीच कंपनी ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम करत बसत नाही, पोलिसांत जाते. आणि ग्राहकाला ‘आमच्या माणसाने चोरी केली, तुम्ही त्याच्याकडे मागा’ असंही सांगत नाही. ग्राहकाचे पैसे आधी परत करते, मग आत कोण होतं, कुणी लॉग बघितले नाहीत, ते शोधते. मला सरकारकडून एवढंच हवं आहे, आणि हाच क्रम हवा आहे. नागरिकाला आधी, पूर्ण, सरकारकडून. तो हेड कॉन्स्टेबल कुठे पळाला हे शोधणं सराफाचं काम नाही. त्यानंतर प्रामाणिक चूक आणि सत्तेचा गैरवापर यांत फरक करून, गैरवापराची वसुली करणाऱ्याकडून आणि डोळे मिटून घेणाऱ्या वरिष्ठाकडून. फक्त शिपायाकडून वसूल केलं तर तो पुन्हा घाशीरामच.

फौजदारी बाजूला अडसर आहे तो पूर्वपरवानगीचा. जुन्या संहितेतलं कलम १९७, जुलै २०२४ पासून नव्या संहितेतलं २१८. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते. म्हणजे ज्याच्या नोकराविरुद्ध तक्रार, त्या मालकाचीच परवानगी. नव्या संहितेत एक बरी गोष्ट झाली आहे. १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जाईल. टाइमआउट ठेवला म्हणायचा. पण १२० दिवसांच्या आत ‘नाही’ म्हणायला कुणाची ना नाही.

आणि ती ‘टू-डू’ कॉमेंट? सेटलवाडांच्या अहवालानंतर सरकारच्या दायित्वाचं विधेयक १९६५ मध्ये लोकसभेत आलं, १९६७ मध्ये पुन्हा आलं आणि व्यपगत झालं. कलम ३०० आजही तसंच आहे. साखळी अजून १८५८ पर्यंत जाते.

मुद्देमालाचं सांगायचं राहिलं. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जप्त माल वर्षानुवर्षं पोलीस ठाण्यात ठेवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि मालकाला देऊन टाका. वाहनांबद्दल तर वेगळा उल्लेख आहे. हे प्रकरण कोर्टात आलं कसं? सुरतच्या एका पोलीस ठाण्यातल्या पोलिसांवरच आरोप होता की त्यांनी मुद्देमालातल्या वस्तू बदलल्या आणि हडप केल्या. मेरठनंतर ५५ वर्षांनी.

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका सरकारी खात्याचं कोर्टकेस ट्रॅकिंगचं काम होतं. केस नंबर, कोर्ट, निकालाची तारीख, भरपाईचा आदेश, रक्कम अदा केल्याची तारीख. या सगळ्या फील्ड भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, कारण रक्कम वेळेत दिली नाही तर अवमान याचिका होते. त्यांच्या खाली एक फील्ड होती, ‘संबंधितांकडून वसुली’. ती ऐच्छिक. मी मीटिंगमध्ये विचारलं, ही अनिवार्य का करत नाही? पलीकडचे साहेब चांगले होते, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. म्हणाले, “अहो, अनिवार्य केलीत तर लोक तिथे शून्य टाकतील. रिकामी ठेवा, निदान रिकामी दिसेल तरी.”

मग मी त्यांना एक रिपोर्ट जोडून दिला, ही फील्ड रिकामी असलेल्या नोंदींची यादी, तारखेनुसार. तो मागितलेल्या कामात नव्हता. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि मेलवर लिहिलं, राहू द्या.